मामा घास घेत नाही

ह्या नाटकाला तिसरा अंक नाही.

होता. मी लिहिला होता, आणि अजूनही सांगतो की तिन्हींत तोच सर्वांत चांगला होता. त्यात मुलीचा बाप अंगणातल्या खाटेवर पडून जगाचा निरोप घेतो. निरोप जरा लांब होता. तालमीत आमचा एक नट, उखर्डू, म्हणाला होता की एवढा वेळ बोलू शकणारा माणूस आजारी वाटत नाही. तो बाप मी, म्हणजे ते काम माझ्याकडे होतं. पण बुऱ्हाणपुरात आजवर कोणी मला मरताना पाहिलेलं नाही, आणि ह्याला जबाबदार आहे दुसरा अंक. म्हणून गोष्ट दुसऱ्या अंकाची सांगतो. पहिला मधेच येईल, जागा मिळेल तिथे.

(पडदा. तो अडकतो. थांबा.)

पडदा अडकायचाच. तो आमच्याच गावच्या लालबागेतल्या एका लूमवाल्याने दिलेल्या लुगड्याच्या कापडाचा होता. अट एवढीच, की डाग पडता कामा नये, कारण नाटकानंतर ते कापड बाजारात जायचं होतं. त्यामुळे पडदा ओढणारा माणूस आधी हात धुवायचा, मग ते वाळेपर्यंत थांबायचा, आणि मग दोन बोटांनी ओढायचा. त्या पडद्याची लुगडी पुढे कोणी नेसली असतील ते असो. त्यांना कल्पना नसेल की आपण काय नेसून पाणी भरतो आहोत.

(पडदा उघडला.)

साल सत्तावन्न. आदल्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली होती. आम्ही जागचे हललो नव्हतो, तापीही होती तिथेच वाहत होती, पण आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली, आणि रावेर, जिथे सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येई, ते कागदावर आधीपासूनच दुसऱ्या राज्यात होतं, पण त्याची आठवण सगळ्यांना आता झाली. माझी मावशी रावेरला राहायची. ती एका रात्रीत परराज्यातली झाली, आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यात थोडा तोरा आला.

वाटणीची नुसती बातमी आली तेव्हापासूनच राजपुऱ्यातल्या, म्हणजे बुऱ्हाणपुरातल्या आमच्या वस्तीतल्या, मराठी मंडळाला वाटू लागलं होतं की आपण आता इकडेच राहणार आहोत, तर काहीतरी करून दाखवलं पाहिजे. काय, ते कोणाला माहीत नव्हतं. मी शाळेत मराठी शिकवत होतो, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाटक लिहिलं.

नाटकात दोन दुष्ट होते. पहिला डाकू जालमसिंग. तो पहिल्या अंकात वऱ्हाडाची गाडी अडवतो, पाच-सहा खून करतो, आणि शेवटी नवरीचं मंगळसूत्र परत करून पोलिसांच्या गोळीने मरतो. हे काम देवरामकडे होतं. देवराम पहिलवान होता, तालमीत जायचा, पण डोळ्यांनी कच्चा. स्वतःच्याच मरणाच्या प्रसंगात त्याला रडू यायचं. दुसरा दुष्ट म्हणजे दुसऱ्या अंकातला नवऱ्या मुलाचा मामा. तो कोणाचाही खून करत नाही. आवाज चढवत नाही. तो लग्नाच्या पंगतीत पाटावर बसतो आणि घास घेत नाही. एवढंच करतो.

आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंगतीत मानाच्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नाही. तो रुसला की पंगत थांबते. मग मुलीकडच्यांनी हात जोडायचे, टोपी-उपरणं द्यायचं, नारळ द्यायचा, समजूत काढायची. सहसा निघते. माझ्या नाटकात निघत नव्हती. मामा उठतो, ‘गाडी जोडा’ म्हणतो, वऱ्हाड परत जातं, आणि तिसऱ्या अंकात बाप मरतो. (तो मरत नाही, हे आधीच सांगितलं आहे.)

घरातला प्रवेश. नाटकात नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, कोकिळेचं, लग्न मी नाटक लिहायला बसलो त्याच सुमारास रावेरच्या स्थळाशी ठरत होतं. मुलगा वसंत, पोस्टात, साधा, कोकिळेला मनापासून पसंत. त्याला वडील नव्हते. मामा होता.

चुडामणमामा मुलगी पाहायला आले. चहा घेतला. कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, “मले कायी नको. आमच्याकडे बशी गरम करून देतात. रीत सांगतो.” पुढच्या वेळी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः चुलीपाशी बसून बशा गरम केल्या. जन्मभर चुंगीनाक्यावर जकात वसूल केलेला माणूस. कापसाच्या गाड्या अडवून, कापूस हाताने चाचपून, मगच सोडणारा. व्यापारी त्यांच्या नुसत्या खोकण्याला घाबरत. तेच नाना बशी गालाला लावून बघत होते.

दुसऱ्या वेळी मामांनी सांगितलं की वाजंत्री स्टेशनपासून पाहिजेत. तिसऱ्या वेळी म्हणाले की आता वऱ्हाड दुसऱ्या राज्यातून येणार. गावातून गावात येणं वेगळं, राज्यातून राज्यात येणं वेगळं. तेव्हा मानपानही राज्याच्या मापाने झाला पाहिजे. स्वतःला काही नको होतं, ते रीत सांगत होते. मी विचारलं की राज्यालाच अजून वर्ष झालेलं नाही, तर रीत केव्हा पडली. नानांनी माझ्या पायावर पाय ठेवला आणि बोलणं होईपर्यंत उचलला नाही.

तर असे चुडामणमामा. आणि मी आजही शपथेवर सांगतो की नाटकातला मामा मी संपूर्णपणे कल्पनेतून काढला होता.

तालीम

तालमी गोदाबाईंच्या ओसरीवर होत. गोदाबाई आमच्या शेजारीण. त्यांची ओसरी मोठी आणि मत त्याहून मोठं. सूप घेऊन डाळ निवडत बसायच्या आणि खड्यांबरोबर आमचेही दोष बाजूला काढायच्या.

मामाचं काम उखर्डूला दिलं, कारण दुसऱ्या कोणी घेतलं नाही. उखर्डू केळीच्या वखारीत काट्यावर असायचा. इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. वजन कमी भरलं तर शेतकऱ्याची माफी मागायचा, जास्त भरलं तर व्यापाऱ्याची. त्याला रुसणं शिकवता शिकवता माझा घसा बसला. शेवटी गोदाबाईंनी सूप खाली ठेवलं, पाटावर बसल्या आणि खालचा ओठ थोडा पुढे आणून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. बस्स. देवरामच्या नकळत त्याचे हात जोडले गेले.

“आमचा जेठ, थोरला दीर,” ओठ जागेवर नेत गोदाबाई म्हणाल्या. “माझ्या लग्नात असाच बसला होता. भात दगडासारखा झाला तोवर.”

उखर्डूने ते घरी करून पाहिलं. त्याच्या बायकोने, रंभाबाईने, घाबरून शिरा केला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा केलं. भजी. त्यानंतर उखर्डूच्या अभिनयात जी सुधारणा झाली तिचं श्रेय मी घेत नाही.

पण एक गोष्ट विचित्र होऊ लागली. जालमसिंग मेला की ओसरीवर जमलेल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मामा नुसता पाटावर येऊन बसला की त्याच बायका कडाकडा बोटं मोडायच्या.

खलनायकाविषयी एक टिपण (वगळलं तरी चालेल)

मी ह्यावर पुष्कळ विचार केला. मंडळाच्या बैठकीत बोललोही, पण तेव्हा चहा आला.

डाकूने पाच-सहा माणसं मारली तरी लोक म्हणतात, बिचाऱ्याचं लहानपण कसं गेलं असेल. मामाने एक घास घेतला नाही तर त्याचं लहानपण कोणी विचारत नाही. का? गोदाबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डाकू राजपुऱ्यात कोणाच्या घरी आला आहे, मास्तर? घरी येतो तो हा.” माझं म्हणणं ह्याहून खोल आहे. जालमसिंगाने मारलेली माणसं विंगेत जाऊन चहा पितात. मामाने गार केलेलं वरण मात्र खरंच गार होतं. ज्याच्या हातून आपण कधी मेलो नाही त्याला क्षमा करणं सोपं आहे. ज्याने आपल्या बापाला बशी गालाला लावायला लावली, त्याला करुणरसाचा चमचा कितीही पाजा, आपला हात पुढे होत नाही.

हे वाक्य मी नंतर तिसऱ्या अंकात घातलं होतं. असो.

परवानगी

नाटक खरं म्हणजे छप्पन्नच्या गणपतीत व्हायचं. पण परवानगीसाठी पाठवलेला मजकूर नागपूरला असतानाच नागपूर आमच्या राज्यातून निघून गेलं. मजकूर तिकडेच राहिला. मग सांगण्यात आलं की आता भोपाळला पाठवा, आणि हिंदीत पाठवा. मी माझ्या हाताने माझ्या नाटकाचं हिंदी केलं. निरोपाचं भाषण हिंदीत अधिकच लांब झालं.

भोपाळने ते वाचायला आमच्याच गावच्या कचेरीत धाडलं. तिथले मुन्शीजी ग्वाल्हेरकडचे होते, नवे बदलून आलेले. मला वाटलं डाकूच्या तोंडी पोलिसांविषयी जे आहे त्यावर अडतील. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. मुन्शीजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की जालमसिंग मेला त्याचं फार वाईट वाटलं, त्याला जगवता येईल का. मग दुसऱ्या अंकापाशी आले. खुर्ची जवळ ओढून त्यांनी आवाज खाली आणला.

“मास्टरजी, ये तो हमारे फूफाजी हैं. आपको इनके बारे में किसने बताया?”

मी म्हटलं, कोणी नाही, कल्पनेतून काढले. त्यांचा विश्वास बसला नाही. बहिणीच्या लग्नात ह्या फूफाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, पंगत कशी अडवली ते त्यांनी मला सबंध सांगितलं, शिपायाला बाहेर घालवून. मग शिक्का मारला आणि तारीख दिली माघातली. एकदा मिळालेली तारीख बदलत नाही, हे दोनदा बजावलं.

घरी येताना मला मोठं समाधान होतं. राज्यांची वाटणी करणाऱ्यांनी भाषा पाहिली, नद्या पाहिल्या, पण रुसणारा पाहुणा कोणाच्या वाट्याला जातो ते पाहिलं नाही. तो दोन्हीकडे पुरला.

निमंत्रण

समाधान दाराशी संपलं. ओट्यावर नाना बसले होते, चेहरा उतरलेला. रावेरहून निरोप आला होता. व्याह्यांच्या गावात नाटक होतं, व्याह्यांचा मुलगा लिहितो, आणि मामाला बोलावणं नाही. त्यांना स्वतःला नाटकाची हौस नव्हती. रीत सांगत होते.

नाना दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन रावेरला गेले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं बोलावणं देऊन आले.

त्या संध्याकाळी तालीम झालीच नाही. ओसरीवर सगळे माझ्याकडे पाहत बसले. देवराम म्हणाला, मामाच्या तोंडचं ‘मले कायी नको, रीत सांगतो’ हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकलं ते नाटकात नव्हे, मास्तरांच्या घरी, चुडामणमामा आले होते तेव्हा. मी म्हणालो, योगायोग. गोदाबाई म्हणाल्या, योगायोगाने लग्न मोडतं तेव्हा मुलगी घरातच राहते.

कोकिळा तेवढ्यात पाणी घेऊन आली होती. तिने तांब्या ठेवला.

“भाऊ, तुझं नाटक एका दिवसात संपतं,” ती म्हणाली. “मला त्या माणसाला जन्मभर वाढायचंय.”

ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. तिला वसंत हवा होता, आणि वसंतबरोबर जे येणार होतं ते तिने मोजूनमापून पत्करलं होतं. आता ते माझ्या एका प्रवेशावर लटकलं.

नाटक बंद करावं तर तारीख मुन्शीजींची, कापड लूमवाल्याचं, आणि मामांना दिलेलं बोलावणं परत घ्यायचं म्हणजे तोच एक नवा रुसवा. तेव्हा ठरलं की नाटकातला मामा ओळखू येणार नाही असा करायचा.

मी त्याला मिशा दिल्या. लूमवाला म्हणाला, आता तो माझा सासरा दिसतो. मी त्याला लंगडा केला. मंडळाचे अध्यक्ष कौतिकशेट लंगडत नसत, पण त्यांचा व्याही लंगडायचा, आणि कौतिकशेटनी तालमीत मला मिठी मारली. मी त्याला मामाचा फुवा केला, तर आमचे खरे कडूफुवा, आत्याचे यजमान, घरी येईनासे झाले. पुन्हा मामा केला.

मग मी ठरवलं, लोकांना त्याची दया आली पाहिजे. दया आली की ओळख पुसते. मी त्याला अनाथ केला. आई लहानपणीच वारली, दुसऱ्याच्या दारी वाढला, सणाला कोणी बोलावलं नाही. उखर्डूने ते भाषण डोळ्यांत पाणी आणून म्हटलं.

“आमच्या जेठाला बी आई नव्हती,” गोदाबाई म्हणाल्या. “म्हणून त्यानं दुसऱ्यांच्या आया रडवल्या.”

मी त्याला खोकला दिला, छातीचा, वाईटातला. ओसरीवरून एक म्हातारी म्हणाली की हे लोक आजारी असतात, मरत नाहीत. मी जे जे जोडलं ते मामाला चिकटलं आणि तो अधिकच खरा झाला. जालमसिंगाला मी एक बासरी दिली होती, उगीच, तर त्याच्यासाठी लोकांनी नवस बोलायचेच काय ते बाकी ठेवले होते.

शेवटी मी मिशा काढल्या, लंगडणं काढलं, खोकला काढला. जे होतं ते राहिलं. माघ आला.

दुसरा अंक

नाटक दिवेलागणीला सुरू झालं. गॅसबत्त्या फुरफुरत होत्या. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. पहिल्या रांगेत चुडामणमामा, खांद्यावर घडीचं उपरणं, शेजारी वसंत. नाना त्यांच्या मागे, दुसऱ्या रांगेत. मुद्दाम. समोरून तोंड दिसू नये म्हणून.

पहिला अंक उत्तम गेला. जालमसिंग मेला तेव्हा चुडामणमामांनी उपरण्याने डोळे पुसले आणि वसंतला म्हणाले, माणूस मनाचा चांगला होता.

दुसऱ्या अंकाला मी खरी पंगत मांडली होती. माझा आग्रह. रंभाबाईने वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी, वर तूप. वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. उखर्डू सकाळपासून उपाशी होता, कारण मी त्याला सांगितलं होतं की भुकेल्या माणसाचं रुसणं अधिक उठून दिसतं.

मुलीचा बाप (मी) : मामा, घास घ्या. पंगत खोळंबली आहे.
मामा (उखर्डू) : मले कायी नको.
मुलीचा बाप : चुकलं काय तेवढं सांगा.
मामा : चुकलं कोन म्हनतं? रीत सांगतो.
(मुलीचा बाप टोपी काढून मामाच्या पायाशी ठेवतो.)

इथपर्यंत लिहिलेलं होतं. पुढचं कोणी लिहिलेलं नाही.

उखर्डूने आता उठून ‘गाडी जोडा’ म्हणायचं होतं. त्याच्या आधीच विंगेतून देवराम आला. मघाशी मेलेला, छातीवर गोळीचा लाल डाग तसाच. मामासमोर गुडघे टेकून त्याने हात जोडले. नंतर म्हणाला, पाहवेना. जालमसिंग परत आला म्हणून मागून शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात कौतिकशेट खालून वर चढले, पाहुण्यांच्या सत्कारासाठी ठेवलेला नारळ घेऊन, आणि तो त्यांनी उखर्डूच्या ओटीत घातला. त्यांच्या मागून लूमवाला, त्याच्या मागून दोन-तीन म्हातारे, एकाने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढून उखर्डूला पांघरला. कोणाच्या मनात नाटक मोडायचं नव्हतं. मुलीचा बाप एकटा समजूत काढतो आहे आणि गल्लीतली माणसं बसून बघताहेत, हे आमच्याकडे कोणी कधी केलेलं नव्हतं. पाय आपोआप उठले.

उखर्डू हलला नाही. एवढी थोर माणसं हात जोडून उभी असताना उठून जाणं त्याला बरं दिसेना, आणि घास घ्यावा तर मास्तरांचं नाटक बुडतं. तो खालचा ओठ पुढे काढून गॅसबत्तीकडे पाहत राहिला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यात कोणी त्याची समजूत काढलेली नव्हती.

मग चुडामणमामा उठले.

बायकांच्या बाजूला कोकिळेने गोदाबाईंचं मनगट धरलं. ते आठवडाभर दुखत होतं असं गोदाबाई सांगतात. नानांनी डोळे मिटले. मामांनी वहाणा खाली काढल्या, वर आले. लोक बाजूला झाले. माझी टोपी जमिनीवर होती. ती त्यांनी उचलली, झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली, थोडी वाकडी. मग उखर्डूसमोर उकिडवे बसले.

“कोन गावचा रे तू?”

“राजपुऱ्याचा,” उखर्डू म्हणाला. नाटकात तो परगावचा होता.

“भाचा हाय तुले?”

“हाय एक. नांदुऱ्याला.”

“त्याच्या लग्नात असा बसशील?”

“नाही जी.”

“मंग इथं काहून बसला?”

उखर्डूने माझ्याकडे पाहिलं. “मास्तरांनी सांगितलं.”

हसू आलं ते मागच्या रांगांना. पुढच्यांनी ओठ आवळले होते. चुडामणमामा उभे राहिले आणि लोकांकडे तोंड करून म्हणाले, “मी बी मामा हाय. वैशाखात माह्या भाच्याचं लगन ह्याच गावात हाय. समद्यांनी या. मामा कसा राह्यतो ते पाहा.”

सबंध राजपुरा त्यांच्याकडे पाहत होता. मामांनी बट्टी कुस्करली, वरण-तुपात भिजवली आणि उखर्डूच्या तोंडाशी घास नेला. उपाशी माणूस. त्याने घेतला. पंगतीतले बाकीचे नट वाटच पाहत होते. तेही तुटून पडले. टाळ्या झाल्या. पडदेवाल्याने हात धुतले, वाळवले आणि पडदा ओढला. मी खाटेवर झोपायच्या तयारीत विंगेत गेलो तेव्हा लोक घरी निघाले होते.

स्टेशनच्या टांग्यात बसताना मामा नानांना म्हणाले की तो मामा म्हणजे हुबेहूब त्यांचा साडू, तुमच्या पोराला तो कुठे भेटला.

लग्न

वैशाखात लग्नाला सगळा राजपुरा आला. ज्यांना बोलावलं होतं ते आले, ज्यांना नव्हतं तेही आले, कारण मामांनी सर्वांना या म्हटलं होतं. मुन्शीजी कुटुंबासह आले. वाजंत्री स्टेशनवरून न येता नाक्यावरून आले, मामा काही बोलले नाहीत. उपरणं सुती निघालं, रेशमी सांगितलं होतं, त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं. नानांचा चेहरा दर घटकेला पांढरा पडायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. मी त्यांच्या मागेमागे फिरत होतो. कोणी मला ‘तिसरा अंक केव्हा’ विचारलं की पाणी वाढायला निघत होतो.

पंगत बसली. मामांना मधला पाट. आचारीसुद्धा चूल सोडून त्यांना बघायला बाहेर येऊन उभा राहिला होता, आणि त्याच नादात वरणात मीठ पडलं नव्हतं. हे पंगतीला बसल्यावर कळलं.

मामांनी पहिला घास घेतला. थांबले.

सगळ्यांचे हात ताटावर थांबले. कोणी उघड बोलणार नाही, पण त्या क्षणी अर्ध्या मांडवाला तो रुसवा हवा होता. त्यासाठीच लोक उन्हातून आले होते. मामांचा खालचा ओठ किंचित पुढे आला. मग मागे गेला. त्यांनी घास गिळला. दुसरा उचलला. तो माणूस इतका लहान मी कधी पाहिला नव्हता. चारी बाजूंनी डोळे, मधे तो, आणि जे त्याला येत होतं ते करायची बंदी.

कोकिळा तूप वाढायला निघाली होती. हळदीचे हात, हिरवा चुडा. नानांनी घरातल्या प्रत्येकाला ताकीद दिली होती की मामांना काही म्हणजे काही विचारायचं नाही. ती त्यांच्या पाटासमोर वाकली आणि म्हणाली, “मामा, काही कमी आहे का?”

नानांनी मांडवाचा खांब धरला.

मामांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. “मले कायी नको,” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग तोंड खाली घालून आणखी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. बायकांच्या रांगेत सर्वांत जवळ गोदाबाई होत्या, आणि त्यांच्या कानांविषयी मी काही सांगायला नको.

“पोरी, वरन अळनी हाय,” ते म्हणाले होते. “बोलू नको कोनाले. तुह्या बापाले वाईट वाटंल.”

कोकिळा आत गेली. परत आली तेव्हा एका हातात तुपाचं भांडं होतं आणि दुसरी मूठ मिटलेली होती. ती पुन्हा वाकली, तूप वाढलं, आणि मूठ ताटाच्या कडेला हळूच उघडली. मामांनी बोटाने मीठ वरणात कालवलं आणि खाली मान घालून जेवू लागले. ते जेवू लागले तसे आम्हीही जेवू लागलो, बिनमिठाचं, सगळ्या पंगतीने, एक शब्द न काढता.

गोदाबाई हातात घास धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मग शेजारणीला म्हणाल्या, “मेल्यानं आता शिव्या द्यायची सोय बी ठेवली नाही.”